एकाच घशाचं गाव

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला, कारण लॅबमध्ये कवळ्यांचा ढीग पडलाय. एका आजोबांची कवळी परत परत येतेय. म्हणतात, हसलो की वरची कवळी खाली उतरते. मी म्हटलं, आजोबा, थोडे दिवस जरा कमी हसा. तर म्हणाले, "मग बसवायची कशाला?" मला तुझीच आठवण आली.

आता खरी बातमी. बसून वाच. 'फुसका बार' आमच्या शहरात येतोय! टीव्हीत नाही, प्रत्यक्ष. मोठ्या थिएटरात लोकांसमोर एक भाग चित्रित करणार आहेत. मास्तर, बाई आणि ढोल्या, तिघंही. पास मिळवायला मी लॅबच्या मालकाला सांगितलं की माझी दाढ दुखतेय. दातांच्या लॅबमध्ये हे कारण चालत नाही हे बोलून गेल्यावर कळलं.

मामा, माझे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून आपण हे बघतोय. तुझ्या बाहेरच्या खोलीत मी सतरंजीवर पालथी, तू खुर्चीत. ते तिघं टेबलाशी बसून जगातला कुठलातरी टाकाऊ पिक्चर लावायचे आणि तो चालू असतानाच त्याची सालटी काढायचे. तू इतक्या मोठ्यांदा हसायचास की वरच्या मजल्यावरचे लोक काठी आपटायचे. आणि मामी आतून ओरडायची, "भिकार पिक्चर बघायचे आणि वर दात काढायचे!" माझा हा धंदा तिथूनच सुरू झाला असणार.

यावेळचा पिक्चर आहे 'खेकडासुर'. जुना, परदेशी, आपल्या भाषेत आवाज भरलेला. सगळ्या प्रती नष्ट झाल्या असं समजत होते, पण एक कुठल्याशा बंद थिएटरच्या माळ्यावर सापडली म्हणे.

पास दोन आहेत. दुसरा तुझा. ऑपरेशन झाल्यापासून तू घराबाहेर पडला नाहीस, चष्म्याचं दुकान नोकरावर सोडलंस, 'फुसका बार'सुद्धा लावत नाहीस, हे सगळं मामीने फोनवर सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस. पण आवाज गेला म्हणून कानही मिटायचे का? आणि थिएटरात बोलायचं नसतंच, मामा. तिथे सगळेच मुके.

तुझी,
ठमी

*

११ फेब्रुवारी

चि. ठमीस,

पत्र मिळालं. मी येत नाही.

प्रवास झेपणार नाही. गळ्याच्या भोकात धूळ गेली की खोकून खोकून जीव जातो, आणि एवढ्या गर्दीत खोकणारा माणूस म्हणजे सगळ्यांच्याच डोक्याला ताप.

आणि माझं ऐकशील तर तूही जाऊ नकोस. हा पिक्चर मला ऐकून माहीत आहे. वाईटातही प्रतवारी असते. काही पिक्चर इतके वाईट असतात की त्यांच्यावर जीव जडतो. हा तसला नाही, हा नुसताच वाईट. पास कुणाला तरी देऊन टाक आणि संध्याकाळी आराम कर.

त्या आजोबांना सांग, कवळी सैल असेल तर घट्ट करून घ्या, पण हसणं कमी करू नका. मामी बरी आहे. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना एकटीच बडबडते. पूर्वी मी मधेमधे हूं हूं करायचो. आता तेही नाही.

तुझा,
मामा

*

१५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू आणि एखाद्या पिक्चरला नको म्हणणार? जेवणाच्या उडत्या ताटल्यांना परग्रहावरची यानं समजणारा पिक्चर तू दोनदा बघितलास. ज्यात भूत दारात अडखळून पडतं आणि तो तुकडा तसाच ठेवलाय, तो तू मला ताप असताना औषध म्हणून दाखवलास. आणि आता म्हणे वाईटातही प्रतवारी असते!

मला खरं कारण कळतंय. आता तू हसलास की आवाज येत नाही, गळ्यातून नुसती हवा फुसफुसते. लोक वळून बघतील याची तुला लाज वाटते. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेलं बोलायचं मशीनही कपाटात पडलंय. मामीने सांगितलं, तू पाटीवर लिहिलंस, "डब्यात अडकलेल्या माशीसारखा आवाज येतो, नको." अरे, माशी तर माशी! निदान घरात कुणीतरी बोलेल.

तुझ्या मानेला भोक पडलंय, मामा. अब्रूला नाही.

रागावून लिहिलंय. पण खोडत नाही. मी जाणार. तुझी खुर्ची शेजारी रिकामी ठेवून बघणार.

ठमी

*

२० फेब्रुवारी

चि. ठमीस,

रागावलीस ते बरं झालं. इथे सगळे माझ्याशी इतकं हळू बोलतात की वाटतं, कान कापले गेलेत की काय.

जा तू. खुर्ची रिकामी ठेवू नकोस, कुणीतरी रांगेत उभं असेल.

एवढंच कर. परत आलीस की सविस्तर लिही. लोक कुठे हसले, कुठे जास्त हसले, ढोल्या काय म्हणाला, सगळं. गोड करून लिहू नकोस. जसं झालं तसं लिही.

मामा

*

२ मार्च

मामा,

काल संध्याकाळी गेले होते. आज रजा घेतली. सकाळपासून तीन वेळा लिहायला बसले आणि उठले. आता बसलेय ती पूर्ण करूनच उठेन.

थिएटर खचाखच भरलेलं. स्टेजच्या एका कडेला तेच टेबल, तीच चहाची किटली. तिघं आले तेव्हा लोक उभे राहिले. मास्तर टीव्हीत दिसतात त्याहून बारीक आहेत. ढोल्या त्याहून ढोल्या. बाईंनी चष्मा पुसला, तू शिकवतोस तसा, सदऱ्याच्या टोकाने नाही, वेगळ्या फडक्याने. हे तुला सांगायचं म्हणून मनात ठेवलं होतं. अंधार झाला. पिक्चर सुरू झाला.

समुद्राकाठचं गाव. एक म्हातारा कोळी जाळं ओढत येतो आणि म्हणतो, "आज पाण्याला वेगळाच वास येतोय."

मामा, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तो तू होतास.

मला वाटलं भास आहे. तुझ्याबद्दल इतका विचार केला होता, त्यातलाच. मग सरपंच आला. तोही तू. डॉक्टर आला, तो नाकात बोलणारा तू, शेजारच्या काकांची नक्कल करायचास तसा. पोस्टमन, पुजारी, दारूडा, सगळे तू. आणि मग पाण्यातून तो खेकडा वर आला. त्याच्या पोटाखालून कॅनव्हासचे बूट दिसत होते. त्याने डरकाळी फोडली, आणि त्या डरकाळीच्या शेवटी तुझा तो खोकला! चहा घेताना हसलास की यायचा तो!

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. तू म्हणालास गोड करू नकोस, म्हणून लिहिते. तुझ्या आवाजावरच जास्त हसले. सरपंच आणि दारूडा कडाकडा भांडायला लागले तेव्हा ढोल्या म्हणाला, "घरी आरशासमोर सराव केलेला दिसतोय." आणि मास्तर शांतपणे म्हणाले, "या गावात घसा एकच आहे. पाळीपाळीने वापरतात."

अख्खं थिएटर फुटलं. आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारची बाई मला म्हणाली, "हसून हसून माझंही असंच होतं हो."

मला राग आला नव्हता. मला काय झालं होतं ते मलाच कळत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू फोनवर "ठीक आहे गं" म्हणालास, त्यानंतर मी तुझा आवाज ऐकलाच नव्हता. आणि इथे तू माझ्याहून लहान वयाचा, पडदाभर, आठ जणांच्या तोंडून बोलत होतास. मी जन्मायच्या आधीचा तू.

मग तो दोन भावांचा प्रसंग आला. मोठा भाऊ खडकाच्या फटीत अडकलाय, भरतीचं पाणी चढतंय, धाकटा त्याचा हात ओढतोय. नट दोघंही लाकडाचे. मोठ्याची मिशी एका बाजूने सुटलेली. लोक आधीच हसायला लागले होते. मोठा म्हणतो, "तू जा." धाकटा म्हणतो, "नाही." मोठा म्हणतो, "आईला सांग, दादा मागून येतोय." धाकटा काहीच बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. मग म्हणतो, "ती विचारेल ना, किती मागून?"

मामा, थिएटरात कुणी हललं नाही. मी ढोल्याकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं आपण त्याला बघतोय, त्याने कधी कुठला प्रसंग सोडलाय का? त्याने तोंड मिटलं आणि माईकवर हात ठेवला. मास्तरांनी मान खाली घातली. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. पाणी त्या मिशीवरून गेलं तरी कुणी हसलं नाही. आठशे माणसं बसली होती आणि फक्त तुझा श्वास ऐकू येत होता.

पिक्चर संपला. दिवे लागले. नेहमीसारखं 'बार फुसका' म्हणून ओरडायचं असतं ना, ते कुणी ओरडलंच नाही. बाई उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पिक्चर भिकार आहे, त्यात वाद नाही. पण हा माणूस कोण आहे? नावांच्या पाटीत त्याचं नावच नाही. आम्ही खूप शोधलं."

तुला माहितीये, मी दुकानात सुटे पैसे मागायलाही लाजते. मी उठून उभी राहिले. मला वाटलं मी ओरडले, पण बहुतेक पुटपुटलेच असेन, कारण बाई म्हणाल्या, "काय? जरा मोठ्यांदा."

"माझे मामा आहेत ते."

लोक आधी हसले. त्यांना वाटलं ठरवून केलेला विनोद आहे. मग त्यांनी माझं तोंड बघितलं.

"कुठे असतात?" मास्तरांनी विचारलं.

"घरी. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं."

"इतक्या वर्षांत कळवलं नाही त्यांनी? आम्ही आलो असतो."

मी म्हटलं, "त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं." आणि मग, कसं कोण जाणे, सांगून टाकलं की आता तो आवाज नाही. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हळहळलंही नाही. ढोल्या खुर्चीतून उठला, एवढंच. मग मास्तर उठले. मग माझ्यामागे खुर्च्यांचा आवाज यायला लागला, एकेक करून, आणि मी वळले तर सगळे उभे होते.

तू माझ्यापासून का लपवलंस?

ठमी

*

९ मार्च

चि. ठमे,

तुझं पत्र आलं आणि मी पहिल्यांदा उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. "माईकवर हात ठेवला" या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. मामीने विचारलं, काही वाईट बातमी का? मी नाही म्हणून मान हलवली.

सांगतो. मामीलाही हे माहीत नाही. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं.

छापखान्याच्या वर एक खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. त्याला स्टुडिओ म्हणायचं. मी एका लहान भूमिकेसाठी गेलो होतो, पोस्टमनच्या. बाकीचे पुरुष आलेच नाहीत, त्यांना दुसरीकडे चांगलं काम मिळालं. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, मी करून बघू का? अंगात मस्तीच तेवढी होती. बायकांचे आवाज एका बाईंनी केले, उरलेलं गाव मी. खेकड्यासाठी रिकाम्या बादलीत तोंड घालून ओरडायचो. खाली छापखान्याचं यंत्र थांबलं की आमचं रेकॉर्डिंग, ते सुरू झालं की आमचा चहा.

दोन भावांचं शेवटी केलं. आधी दादाची सगळी वाक्यं म्हणून घेतली, मधे जागा सोडून. मग कानाला ती लावली आणि धाकट्याची उत्तरं द्यायला उभा राहिलो. ठमे, कानात माझाच आवाज होता, पण मला तो माझा वाटला नाही. मला मोठा भाऊ नाही, तुझी आई माझ्याहून लहान. त्या दिवशी त्या खोलीत मला दादा होता आणि तो मला जा म्हणत होता. "किती मागून" हे वाक्य कागदावर नव्हतं. तोंडातून गेलं. दिग्दर्शक म्हणाले, राहू दे.

पहिल्या खेळाला नवा सदरा घालून गेलो. लोक सुरुवातीपासून हसत होते, ते ठीकच होतं, खेकड्याचे बूट मलाही दिसत होते. पण त्या प्रसंगाला कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सगळ्यांनीच मारल्या. मी उठून बाहेर आलो. दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या दुकानात बसलो. लोकांना "वरून तिसरी ओळ वाचा" म्हणत आयुष्य गेलं, आणि वाईट गेलं नाही.

मग 'फुसका बार' सुरू झाला. तुला वाटायचं मामाला वाईट पिक्चरांचा शौक आहे. शौक नंतर लागला. आधी मी दर आठवड्याला धाकधूक घेऊन बसायचो, आज माझा लागतो का. नको लागायला म्हणून देवाला सांगायचो, आणि दुसरा लागला की मनातून खट्टू व्हायचो. एवढ्या मोठ्यांदा हसायचो त्यात सुटकाही असायची. हळूहळू कळलं की हे तिघं शिट्ट्या मारून निघून जाणारे नव्हेत. कुठलाही पिक्चर ते शेवटपर्यंत बघतात. तेव्हापासून मी वाट बघायला लागलो.

आणि लागला तो आता. आवाज गेल्यावर. मला वाटलं, मागे एवढाच आवाज उरलाय, त्याचीही टर उडवतील आणि आपल्याला 'अहो, थांबा' म्हणायलाही तोंड नाही. म्हणून तुलाही नको म्हणालो. लाज तू ओळखलीस, फक्त ती कशाची ते चुकलं.

आठशे माणसं गप्प बसली होती असं लिहिलंस. मला अजून नीट धरता येत नाहीये ते. सकाळी दात घासताना आठवलं आणि हातातला ब्रश तसाच राहिला.

तुझा,
मामा

*

१४ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी लॅबमध्ये एका गृहस्थांच्या कवळीत एक दात जास्त बसवला. दोष तुझा.

सोबत एक पेन ड्राइव्ह पाठवतेय. बाईंनी स्वतः हातात दिला. त्यात 'खेकडासुर' आहे, त्या तिघांच्या बडबडीशिवाय, नुसता. टीव्हीच्या मागे एक खाच असते, त्यात घाल. नाही जमलं तर दुकानातल्या नोकराला बोलाव.

बाईंनी एक विचारलंय. हा भाग टीव्हीवर येईल तेव्हा शेवटी आवाज म्हणून तुझं नाव घालायचंय. तुझ्या परवानगीशिवाय घालणार नाहीत. ढोल्याने निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते, "त्यांना म्हणावं, मी बोलणार होतो, पण जागाच सोडली नाही त्यांनी."

मामीला सांगितलंस का? मी फोनवर जीभ चावून बसलेय.

ठमी

*

२५ मार्च

चि. ठमे,

नाव घाला म्हणावं. सगळ्या पात्रांपुढे घाला, खेकड्यापुढेही.

मामीला कसं सांगावं हे ठरवत तो पेन ड्राइव्ह तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. घरातल्या घरातच फिरलो, पण फिरलो. काल दुपारी ती गॅलरीत कुंड्यांची माती उकरत बसली होती. म्हटलं, आधी एकट्याने बघून घ्यावं. नोकराकडून शिकून घेतलं होतं, त्यामुळे टीव्ही लगेच लागला, पण आवाज किती मोठा ठेवलाय ते लक्षात आलं नाही.

तू लिहिलं नाहीस, बहुतेक तुझं लक्ष गेलं नसेल, पण कोळी जाळं टाकून घरी येतो आणि दारातून बायकोला हाक मारतो. साधीच हाक. "अगं ए, कुठे आहेस तू?"

आणि गॅलरीतून उत्तर आलं, "इथेच आहे हो! आले!"

मी जागचा हललो नाही. गॅलरीतही काही हललं नाही. मग उकरणी खाली पडल्याचा आवाज आला. मामी दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात मातीचे, तसेच वर धरलेले. आधी माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे. मग टीव्हीकडे. तिथे तो दाढीवाला कोळी बायकोशी बोलत होता. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "अहो, हा मेला तुमच्या तोंडचं कसं काय बोलतोय?"

मला हसू फुटलं. सगळी हवा गळ्यातून गेली, तू म्हणतेस तशी फुसफुसून. मी पिक्चर थांबवला, पाटी घेतली आणि जेवढं मावलं तेवढं लिहिलं. पुसून परत लिहिलं. छापखाना, गाद्या, बादली. तिने एकेक ओळ वाचली. ओरडेल असं वाटलं होतं, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे आज सांगताय म्हणून. नाही ओरडली. खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली.

"पुन्हा लावा," म्हणाली. "तिथूनच."

मी मागे नेऊन लावलं. कोळी दारात आला. त्याने हाक मारली. ती यावेळी शेवटपर्यंत थांबली, सगळे शब्द पुरते होऊ दिले, आणि मग टीव्हीकडे पाठ करून, माझ्याकडे बघून, हळू म्हणाली, "इथेच आहे."

मग आम्ही दोघांनी पिक्चर शेवटपर्यंत बघितला. भिकार आहे.

तुझा,
मामा